संगणकाची किल्ली कुणाकडे? ऑनलाइन खातं की लोकल खातं, हे ठरवताना

नवा लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला की तो भाषा विचारतो, कीबोर्ड विचारतो, वायफायचा पासवर्ड मागतो. इथवर सगळं सरळ असतं. मग एक पडदा येतो, त्यावर ई-मेलचा रकाना असतो आणि पुढे जायला दुसरं बटणच सापडत नाही. वस्तू आपली, पैसे आपले, टेबल आपलं. पण आत शिरायचं तर आधी एका कंपनीकडे नाव नोंदवा. बहुतेक जण हाताशी असलेला ई-मेल टाकतात, घाईघाईत पासवर्ड बनवतात आणि तो विसरूनही जातात. हा लेख त्या पडद्यापाशी अडलेल्यांसाठी आहे. तो पडदा वर्षांपूर्वी ओलांडून आता 'आपण नेमकं काय केलं होतं?' असं विचारणाऱ्यांसाठीही आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. संगणक उघडायला लोकल खातं ठेवावं, आणि ऑनलाइन खातं फक्त ज्या ॲपला खरोखर लागतं त्या ॲपपुरतं वापरावं. मात्र हा बदल करण्याआधी एक काम करावंच लागतं. ते राहून गेलं तर डिस्कवरचं सगळं कायमचं हातचं जाऊ शकतं. लेखातला मोठा भाग त्याच कामाला दिला आहे, तो कृपया गाळू नका.

आधी फरक समजून घेऊ

लोकल खातं म्हणजे तुमचं नाव आणि पासवर्डची पडताळणी, दोन्ही त्याच यंत्राच्या डिस्कवर. तुम्ही पासवर्ड टाकता, यंत्र स्वतःच तपासतं आणि दार उघडतं. बाहेर कुणाला विचारावं लागत नाही. विंडोज एक्सपीच्या काळात घरातल्या प्रत्येकाचं नाव आणि छोटंसं चित्र पडद्यावर दिसायचं, ती सगळी लोकल खाती होती.

ऑनलाइन खात्यात तुमची ओळख कंपनीच्या सर्व्हरवर असते. संगणक तिची एक नक्कल स्वतःजवळ ठेवतो, म्हणून इंटरनेट बंद असतानाही तो उघडतो. पण पासवर्ड बदलणं, विसरल्यावर नवा मिळवणं, संशयास्पद हालचाल दिसली म्हणून खातं गोठवणं, हे सगळं सर्व्हरवर ठरतं.

विंडोजमध्ये हा बदल हळूहळू झाला. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने संगणक उघडायची सोय पहिल्यांदा आली. २०१५ च्या विंडोज १० मध्ये लोकल खात्याचा पर्याय होता, पण बारीक अक्षरांत, कोपऱ्यात. २०२१ मध्ये विंडोज ११ आलं आणि त्याच्या होम आवृत्तीने पहिल्या मांडणीच्या (सेटअपच्या) वेळी इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट खातं दोन्ही सक्तीचं केलं. २०२२ च्या २२एच२ आवृत्तीपासून वैयक्तिक वापरासाठी घेतलेल्या प्रो आवृत्तीलाही तोच नियम लागू झाला.

कंपनीच्या बाजूचीही कारणं आहेत आणि ती सगळीच पोकळ नाहीत. पासवर्ड विसरला तर परत मिळतो, सेटिंग्ज एका यंत्रावरून दुसऱ्यावर जातात, हरवलेल्या लॅपटॉपचा ठावठिकाणा लागू शकतो आणि डिस्कच्या कुलपाची किल्ली सुरक्षित राहते. शिवाय ग्राहक कंपनीच्या सेवांशी बांधला जातो, हेही खरं. माझा आक्षेप ऑनलाइन खातं असण्याला नाही. सक्तीला आहे. आपल्या यंत्राचं दार कुणाच्या परवानगीने उघडावं हे मालकाने ठरवायला हवं, आणि ठरवण्याइतकी माहिती त्याला मिळायला हवी.

पहिली पायरी: तुमचं खातं कोणतं आहे?

विंडोज ११ मध्ये 'सेटिंग्ज' उघडा, डावीकडे 'अकाउंट्स' निवडा आणि 'युवर इन्फो' वर जा. तुमच्या नावाखाली ई-मेल दिसला तर खातं ऑनलाइन आहे. 'लोकल अकाउंट' असे शब्द दिसले तर लोकल.

तपासायची आणखी एक जागा आहे. फाइल एक्सप्लोररमध्ये सी ड्राइव्हच्या 'युजर्स' फोल्डरमध्ये जा. तिथे तुमच्या ई-मेलची पहिली पाच अक्षरंच फोल्डरचं नाव म्हणून दिसली, तर यंत्राची पहिली मांडणी ऑनलाइन खात्याने झाली होती. नाव असं अर्धवट तुटलेलं का, हा प्रश्न अनेकांना पडलेला असतो. त्याचं कारण हेच.

पिन या शब्दाने होणारा घोटाळा

इथे जरा थांबावं लागेल, कारण नवख्या माणसाची सर्वांत जास्त फसगत पिनमुळे होते. रोज सकाळी तुम्ही चार किंवा सहा अंक टाकता आणि संगणक उघडतो. त्यामुळे वाटतं, हाच आपला पासवर्ड. पण पिन म्हणजे खात्याचा पासवर्ड नव्हे. पिन फक्त त्या एका यंत्रापुरता असतो आणि सहसा यंत्रातल्या टीपीएम नावाच्या सुरक्षा चिपशी जोडलेला असतो. तुमचा पिन दुसऱ्या संगणकावर चालणार नाही, आणि कुणाला तो कळला तरी तुमचं यंत्र हाती असल्याशिवाय त्याचा उपयोग नाही. सुरक्षेच्या दृष्टीने ही चांगलीच गोष्ट आहे.

अडचण वेगळीच आहे. दोन-तीन वर्षं फक्त पिन वापरला की खऱ्या खात्याचा पासवर्ड डोक्यातून पूर्ण निघून जातो. मग एखाद दिवशी काही दुरुस्तीनंतर पिन चालेनासा होतो आणि पडदा खरा पासवर्ड मागतो. तो आठवत नाही. नवा मिळवायला कोड मागवावा, तर कोड जातो बंद झालेल्या मोबाईल क्रमांकावर, किंवा ज्याचा पासवर्डही आठवत नाही अशा ई-मेलवर. माणूस स्वतःच्या घरात बसून स्वतःच्या संगणकाबाहेर उभा राहतो.

म्हणून आजच एक करा. ब्राउझरमध्ये खासगी खिडकी उघडा आणि खात्याच्या संकेतस्थळावर पिनविना, खऱ्या पासवर्डने साइन इन करून पाहा. जमलं तर छान. नाही जमलं, तर संगणक उघडा असतानाच पासवर्ड नवा करून घ्या, कारण यंत्र अडल्यावर हेच काम दहापट अवघड होतं. साइन इन झाल्यावर सुरक्षेच्या विभागात जाऊन तिथला मोबाईल क्रमांक आणि पर्यायी ई-मेल आजही चालू आहेत ना, ते पाहा. लोकल खात्याकडे वळणार असाल तरी ही तपासणी आधी हवी.

दुसरी पायरी: ४८ अंकांची किल्ली

हेच ते काम.

आजच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्कला कुलूप लावलेलं असतं. होम आवृत्तीत त्याला 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' म्हणतात, प्रो आवृत्तीत हेच काम 'बिटलॉकर' या नावाने जास्त सोयींसह मिळतं. कुलूप लावलेलं असलं म्हणजे डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली तरी आतलं काही वाचता येत नाही. चोरी झाली तर याच्यासारखं संरक्षण नाही.

गंमत अशी नाही, गंभीर गोष्ट अशी की हे कुलूप अनेकदा मालकाला न विचारताच लागतं. पहिल्या मांडणीत तुम्ही मायक्रोसॉफ्ट खात्याने आत आलात की डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप सुरू होतं आणि त्याची राखीव किल्ली, म्हणजे 'रिकव्हरी-की', त्या ऑनलाइन खात्यात जमा होते. २०२४ मध्ये आलेल्या २४एच२ आवृत्तीने यासाठीच्या हार्डवेअरच्या अटी सैल केल्या, त्यामुळे आता पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त यंत्रांवर हे कुलूप लागलेलं असतं.

एरवी ही किल्ली कधीच विचारली जात नाही. पण यंत्राच्या फर्मवेअरमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) बदल झाला, सिक्युअर बूट या सुरक्षित सुरुवातीच्या सोयीची सेटिंग हलली, मदरबोर्ड बदलला किंवा डिस्क दुसऱ्या यंत्रात लावली, की चिपला शंका येते. सुरू होताना निळा पडदा येतो आणि ४८ अंक मागतो. पिन चालत नाही, पासवर्डही चालत नाही. किल्ली नसेल तर मायक्रोसॉफ्टचा मदत विभागही ती बनवून देऊ शकत नाही. डिस्क पुसून नव्याने सुरुवात करणं एवढंच उरतं.

आता साखळी जोडून पाहा. एखाद्याने लोकल खात्याकडे वळायचं ठरवलं, वळला, आणि 'आता काय उपयोग' म्हणून ऑनलाइन खातं बंद करून टाकलं. डिस्कचं कुलूप मात्र तसंच आहे, कारण खातं बदलल्याने कुलूप निघत नाही. एकमेव किल्ली त्या बंद केलेल्या खात्यात होती. पुढच्या फर्मवेअर अपडेटला निळा पडदा आला, की फोटो, कागदपत्रं, सगळं संपलं. यात कुणी चोर नाही, व्हायरस नाही. क्रम चुकला, एवढंच.

तेव्हा क्रम असा ठेवा:

१. 'सेटिंग्ज' मध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' आणि मग 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' उघडा. चालू आहे की बंद, ते पाहा. हा विभाग दिसलाच नाही, तर स्टार्टच्या शोधपट्टीत बिटलॉकर शोधा.

२. चालू असेल तर ब्राउझरमधून मायक्रोसॉफ्ट खात्यात साइन इन करा, 'डिव्हाइसेस' मध्ये आपला संगणक निवडा आणि बिटलॉकरच्या किल्ल्या दाखवणारा दुवा उघडा. प्रो आवृत्ती असेल तर बिटलॉकरच्या पानावरच किल्लीची प्रत काढायचा पर्याय आहे: फाइलमध्ये साठवा किंवा थेट छापा.

३. तिथे कदाचित एकापेक्षा जास्त किल्ल्या दिसतील, जुन्या यंत्रांच्याही. प्रत्येकीपुढे एक ओळख-क्रमांक असतो. निळा पडदा हाच ओळख-क्रमांक दाखवतो, म्हणून किल्लीसोबत तो लिहून घेतलाच पाहिजे. ओळख-क्रमांक नसलेले ४८ अंक पुढे ओळखू येत नाहीत.

४. कागदावर छापा किंवा सहा-सहा अंकांचे आठ गट पाडून हाताने लिहा. लिहिलं असेल तर दुसऱ्या कुणाला वाचायला सांगून पडताळा. ३ आणि ८ मधला घोळ ऐन वेळी कळून उपयोग नाही.

५. हा कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका. बॅग गेली तर कुलूप आणि किल्ली एकदमच जाईल. फोनमध्ये फोटो काढून ठेवला तर सोय होते, पण तो फोटो आपोआप कुठे साठवला जातो याचा आधी विचार करा.

हे झाल्याशिवाय पुढची पायरी चढू नका.

तिसरी पायरी: फाइली खरंच संगणकावर आहेत का?

ऑनलाइन खात्याबरोबर वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर फाइली ठेवायची सोय, येतं. मांडणीच्या वेळी बॅकअपला होकार गेला असेल, तर तुमचे 'डेस्कटॉप', 'डॉक्युमेंट्स' आणि 'पिक्चर्स' हे फोल्डर वनड्राइव्हच्या फोल्डरच्या आत हलवलेले असतात. फुकट जागा ५ जीबी असते, ती भरली की सूचना येत राहतात, आणि बऱ्याच जणांना वनड्राइव्ह सुरू आहे हे तेव्हाच कळतं.

फाइलशेजारी ढगाचं चिन्ह असेल तर ती फाइल फक्त सर्व्हरवर आहे, तुमच्या डिस्कवर नुसतं नाव आहे. अशा फोल्डरवर उजवी क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा आणि सगळं उतरेपर्यंत थांबा. मग वनड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये बॅकअपच्या व्यवस्थेत जाऊन एकेका फोल्डरचा बॅकअप थांबवा. थांबवल्यावर डेस्कटॉप रिकामा दिसला तर घाबरू नका. फाइली अनेकदा वनड्राइव्हच्या फोल्डरमध्येच राहतात. तिथून उचलून आपल्या नेहमीच्या फोल्डरमध्ये आणायच्या.

आणि काही उलटसुलट करण्याआधी महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढा. लोकल खात्यात बॅकअपची जबाबदारी पूर्णपणे तुमची आहे, तिची सवय याच दिवसापासून लावून घ्या.

चौथी पायरी: प्रत्यक्ष बदल

तयारी झाली असेल तर हा भाग पाच मिनिटांचा आहे. 'सेटिंग्ज', 'अकाउंट्स', 'युवर इन्फो' या जागी परत या आणि 'साइन इन विथ अ लोकल अकाउंट इन्स्टेड' हा दुवा दाबा. तो तुमची ओळख एकदा पडताळेल, मग नवं नाव, नवा पासवर्ड आणि पासवर्ड आठवून देणारी खूण मागेल. शेवटी साइन आउट होतो आणि नव्या पासवर्डने आत यायचं.

तुमचे फोल्डर, ॲप, वॉलपेपर सगळं जागच्या जागी असतं, कारण खात्याची ओळख बदलते, घर तेच राहतं. विंडोजचा परवानाही जात नाही. ऑनलाइन खात्याला जोडलेला डिजिटल परवाना पुढे कधी मदरबोर्ड बदलला तर कामी येतो, म्हणून ते खातं बंद करायची घाई करू नका. नुसतं बाजूला राहू द्या. मात्र दोन वर्षांत एकदा तरी त्यात साइन इन करा, कारण तेवढा काळ न वापरलेलं मायक्रोसॉफ्ट खातं बंद होऊ शकतं.

खुणेबद्दल एक सूचना. चुकीचा पासवर्ड टाकला की ही खूण पडद्यावर कुणालाही दिसते. तेव्हा तिथे पासवर्ड किंवा त्याचा तुकडा लिहू नका.

सुरक्षेचे तीन प्रश्नही विचारले जाऊ शकतात: पहिला पाळीव प्राणी, जन्मगाव वगैरे. त्यांची खरी उत्तरं घरातल्या आणि ओळखीतल्या सगळ्यांना ठाऊक असतात. संगणक उत्तर खरं आहे का ते तपासत नाही, फक्त जुळतं का ते पाहतो. म्हणून मनाला येईल ते उत्तर द्या आणि किल्लीच्या कागदावर लिहून ठेवा.

लोकल खात्याची खरी कमजोरी ही की पासवर्ड विसरला तर सोडवायला बाहेरचं कुणी येत नाही. त्यावर एक जुना, फारसा माहीत नसलेला उपाय विंडोजमध्येच आहे: पासवर्ड रीसेट डिस्क. एक पेन ड्राइव्ह लावा, 'कंट्रोल पॅनल' मध्ये 'युजर अकाउंट्स' उघडा आणि ती तयार करा. एकदाच करायची, नंतर पासवर्ड कितीदा बदलला तरी तीच चालते. ही सोय फक्त लोकल खात्यालाच आहे. पेन ड्राइव्ह मात्र जपून ठेवा, तो ज्याच्या हाती त्याला तुमचं खातं उघडता येतं.

पाचवी पायरी: ॲप पुन्हा खातं चिकटवू पाहतात तेव्हा

लोकल खातं केलं, दोन दिवसांनी स्टोअरमधून एक ॲप घेतलं, आणि पाहतो तर संगणक पुन्हा ऑनलाइन खात्यावर! हे अगदी सहज घडतं. एखाद्या ॲपमध्ये साइन इन केलं की एक खिडकी येते: हे खातं या यंत्रावर सगळीकडे वापरायचं का? मोठं बटण 'नेक्स्ट' चं असतं. ते दाबलं की लोकल खात्याचं रूपांतर ऑनलाइन खात्यात होतं. त्याच खिडकीत लहान अक्षरांत 'मायक्रोसॉफ्ट ॲप्स ओन्ली' असा दुवा असतो, तो निवडायचा. ऑफिस, स्टोअर, वनड्राइव्ह सगळं त्यानेही चालतं, दाराचं कुलूप मात्र तुमचंच राहतं.

कामाच्या किंवा कॉलेजच्या खात्याने साइन इन करताना आणखी सावध राहा. 'अलाऊ माय ऑर्गनायझेशन टू मॅनेज माय डिव्हाइस' अशी खूण आधीच केलेली असू शकते. यंत्र तुमचं स्वतःचं असेल तर ती काढा आणि फक्त त्या ॲपपुरतं साइन इन करा.

नवा संगणक उघडत असाल तर

प्रो आवृत्ती असेल तर सरळ वाट आहे. मांडणीत 'वैयक्तिक वापर की काम किंवा शाळा' असा प्रश्न येतो, तिथे काम किंवा शाळा निवडा. पुढे 'साइन-इन ऑप्शन्स' मध्ये 'डोमेन जॉइन इन्स्टेड' दाबा. कुठलंही डोमेन, म्हणजे कार्यालयाचं संगणक-जाळं, असावं लागत नाही; तो लगेच लोकल नाव आणि पासवर्ड विचारतो.

होम आवृत्तीत अशी वाट नाही. इंटरनेटवर आज्ञांच्या अनेक युक्त्या फिरतात, पण त्यातल्या बऱ्याच आता मोडल्या आहेत. इंटरनेटची अट टाळणारी प्रसिद्ध स्क्रिप्ट मायक्रोसॉफ्टने मार्च २०२५ मध्ये चाचणी आवृत्त्यांमधून काढली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लोकल खातं बनवण्याच्या उरलेल्या माहीत असलेल्या वाटाही बंद करायला घेतल्या. या युक्त्यांमुळे मांडणीतले महत्त्वाचे पडदे वगळले जातात, असं कारण कंपनीने दिलं. काल चाललेली युक्ती आज चालेलच असं नाही, त्यामुळे नवख्या माणसाने तिच्यावर विसंबू नये. अनोळखी ठिकाणाहून उतरवलेली 'एका क्लिकमध्ये खातं काढा' छापाची स्क्रिप्ट तर मुळीच चालवू नये. तिला यंत्राचे सर्व अधिकार द्यावे लागतात.

विंडोज नव्याने टाकायचंच असेल तर रूफस नावाचा मोफत प्रोग्रॅम पेन ड्राइव्ह बनवताना 'ऑनलाइन खात्याची अट काढून टाका' असा पर्याय देतो. पण अशी नवी मांडणी डिस्क पुसूनच होते. आत काही ठेवलेलं असेल तर हा मार्ग तुमचा नाही.

मला स्वतःला होम आवृत्तीवर वळसा घालणारी वाट पटते. मांडणी ऑनलाइन खात्यानेच पूर्ण करा. डिस्कला कुलूप लागू द्या आणि किल्ली कागदावर उतरवा. मग 'अकाउंट्स' मधल्या 'अदर युजर्स' मध्ये जाऊन 'ॲड अकाउंट' दाबा. तो पुन्हा ई-मेल मागेल; तिथे 'या व्यक्तीची साइन-इन माहिती माझ्याकडे नाही' या अर्थाचा दुवा, आणि पुढच्या पडद्यावर 'ॲड अ युजर विदाउट अ मायक्रोसॉफ्ट अकाउंट' निवडा. नवं लोकल खातं तयार होईल. त्याचा प्रकार बदलून 'ॲडमिनिस्ट्रेटर' करा, त्यातून आत या आणि सगळं नीट चालतंय हे पाहून मगच पहिलं खातं काढा. काढताना त्या खात्याच्या फोल्डरमधल्या फाइलीही जातात, तेव्हा यंत्र कोरं असतानाच हे करावं. या वाटेने दोन गोष्टी साधतात: फोल्डरला तुमचं पूर्ण नाव मिळतं, आणि डिस्कचं कुलूपही टिकतं.

दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे. होम आवृत्तीत सुरुवातीपासून फक्त लोकल खातं वापरलं तर डिव्हाइस एन्क्रिप्शन पूर्णपणे लागू होतच नाही. लॅपटॉप चोरीला गेला तर डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडून कुणीही वाचू शकतं, पासवर्ड कितीही अवघड असला तरी. प्रो आवृत्तीत लोकल खात्यानेही बिटलॉकर स्वतः चालू करता येतो आणि किल्ली छापता येते. होममध्ये वरचा वळसा घ्यावा, किंवा व्हेराक्रिप्टसारख्या मोफत प्रोग्रॅमने निदान खासगी कागदपत्रांसाठी एक कुलूपबंद फाइल तरी बनवावी.

एक नव्हे, दोन लोकल खाती

जमलं तर आणखी एक पाऊल टाका. एक खातं ॲडमिनिस्ट्रेटरचं, जे फक्त नवं काही बसवताना लागेल. दुसरं साधं, रोजच्या कामाचं. साध्या खात्यातून एखाद्या प्रोग्रॅमने यंत्रात खोलवर बदल करू पाहिला की विंडोज ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागतं आणि तुम्हाला थबकून विचार करायला एक क्षण मिळतो. खातं ऑनलाइन की लोकल यापेक्षा या विभागणीने रोजची सुरक्षा जास्त वाढते, असं माझं प्रामाणिक मत आहे. शिवाय एकाचा पासवर्ड विसरला तर दुसऱ्याने तो बदलता येतो. फक्त असा बळजबरीने बदललेला पासवर्ड त्या खात्यात विंडोजने साठवलेले इतर पासवर्ड निकामी करतो, हे ध्यानात असू द्या.

लोकल खात्याकडून नको त्या अपेक्षा

लोकल खातं घेतलं म्हणजे तुम्ही अदृश्य झालात असं नाही. विंडोज निदानासाठीची माहिती तरीही पाठवत राहतं. ती 'प्रायव्हसी' विभागात वेगळी कमी करावी लागते. ब्राउझरमध्ये खात्याने साइन इन केलं असेल तर तुमचा वावर तिथेही नोंदला जातो. दुसरीकडे, लोकल खात्यामुळे अपडेट बंद होतात ही भीतीही निराधार आहे. सुरक्षेचे अपडेट पूर्वीसारखेच येतात. एक अपवाद मात्र आहे: विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि त्यानंतर ऑक्टोबर २०२६ पर्यंतचे वाढीव सुरक्षा अपडेट घेण्यासाठी घरगुती ग्राहकाला मायक्रोसॉफ्ट खात्याने नाव नोंदवावं लागतं.

ऑनलाइन खातंच बरं, असं कुणी म्हणावं?

मुलांच्या वापरावर 'फॅमिली सेफ्टी' ने लक्ष ठेवायचं असेल, हरवलेला लॅपटॉप नकाशावर शोधायची सोय हवी असेल, तीन-चार यंत्रांवर सारखीच मांडणी लागत असेल, किंवा कागद जपून ठेवणं स्वभावातच नसेल, तर ऑनलाइन खातं ठेवा. त्यात कमीपणा काही नाही. फक्त ते नीट बांधा. दुहेरी पडताळणी चालू करा. संपर्काचे किमान दोन मार्ग द्या, आणि त्यातला एक तरी मोबाईल क्रमांकावर अवलंबून नसावा. मायक्रोसॉफ्ट खात्यासाठी २५ अक्षरांचा रिकव्हरी कोड मिळतो, तो छापून घ्या. मोबाईल क्रमांक बदलणार असाल तर जुना चालू असतानाच खात्यात नवा घाला. सगळे मार्ग एकदम बदलावे लागले तर ३० दिवस थांबावं लागतं.

इतर यंत्रांवर

मॅकवर संगणक उघडणारं खातं लोकलच असतं. ॲपल खातं त्याला वेगळं जोडलं जातं आणि मांडणीत ते नंतरसाठी सोडता येतं. 'फाइलव्हॉल्ट', म्हणजे मॅकच्या डिस्कचं कुलूप, चालू करताना मात्र तोच प्रश्न येतो: राखीव किल्ली आयक्लाउडवर ठेवू की तुम्ही लिहून घ्याल? उत्तर वर दिलंच आहे. वापरलेला मॅक घेत असाल तर आधीच्या मालकाने 'फाइंड माय' मधून तो काढला आहे याची खात्री करा, नाहीतर तो त्याच्याच खात्याला कुलूपबंद राहील.

क्रोमबुक गूगल खात्याभोवतीच बांधलेलं आहे. खात्याविना फक्त पाहुणा म्हणून वापरता येतं, आणि बाहेर पडताच सगळं पुसलं जातं. लोकल खातंच हवं असेल तर हे यंत्र घेऊ नये.

उबुंटू, मिंट, फेडोरा यांसारख्या लिनक्समध्ये हा प्रश्नच उद्भवत नाही. नाव, पासवर्ड, झालं. मांडणीत डिस्कला कुलूप लावलंत तर त्याचा परवलीचा शब्द जगात फक्त तुमच्याकडे असतो. तो लिहून ठेवा.

शेवटची तपासणी

सगळं झाल्यावर वायफाय बंद करा आणि संगणक पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा. पिन न वापरता, नव्या पासवर्डने आत या. 'युवर इन्फो' मध्ये 'लोकल अकाउंट' दिसतंय ना, 'डॉक्युमेंट्स' मधली एखादी जुनी फाइल इंटरनेटविना उघडते ना, 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' अजून चालूच आहे ना, हे पाहा. मग कागद समोर घ्या. त्यावर पाच गोष्टी असायला हव्यात: ४८ अंक, त्यांचा ओळख-क्रमांक, लोकल खात्याचं नाव, तीन प्रश्नांची तुमची उत्तरं आणि आजची तारीख. पासवर्ड त्या कागदावर नको. कागद पाकिटात घाला, रीसेटचा पेन ड्राइव्ह दुसऱ्या पाकिटात, आणि दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी ठेवून घरातल्या एका विश्वासू माणसाला त्या जागा सांगून ठेवा.